पांझरा ओलांडणारे पाणी

वर्गात एकदा हा प्रश्न घालून पाहावा. नदीच्या एका काठाने पाट वाहतो आहे, आणि ज्या शेतांना पाणी हवे ती नदीच्या दुसऱ्या काठाला आहेत. पाटाचे पाणी पलीकडे कसे न्यायचे? पहिले उत्तर ठरलेले असते : पूल बांधायचा आणि पुलावरून पाट न्यायचा. हे उत्तर चुकीचे नाही. फ्रान्सच्या दक्षिण भागात गार्दों नदीवर रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात असाच पूल बांधला. कमानींचे तीन मजले, उंची सुमारे ४९ मीटर, आणि सगळ्यात वरच्या मजल्यातून पाण्याची पन्हळ. मुळात माणसांसाठी नव्हे, पाण्यासाठी बांधलेला पूल.

मग मागच्या बाकावरचे कोणीतरी भीत भीत म्हणते, "नदीच्या खालून नळी घातली तर?" वर्ग हसतो. शिक्षकांनी मात्र हसू नये. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात दातर्ती गावाजवळ पांझरा नदीवर नेमके हेच केलेले आहे. करणारा तरुण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडला होता आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला होता. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कृष्णराजसागर धरणामुळे आणि म्हैसूरच्या दिवाणगिरीमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचा उल्लेखही पाठ्यपुस्तकांत सापडतो. पण त्यांच्या कामाची सुरुवात खानदेशातल्या एका पाटाने झाली, हे खानदेशातल्याही पुष्कळ मुलांना माहीत नसते.

विश्वेश्वरय्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या कामाबद्दल लिहिले आहे. काम हाती घेतले आणि पावसाने गाठले. पायासाठी खोदलेले खड्डे पुराच्या वाळूने भरून जाऊ लागले. आज उपसावे, उद्या पुन्हा भरावेत, आणि खर्च मात्र वाढत जावा. तेव्हा पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ही टाळाटाळ वाटली आणि त्यांनी शिस्तीची आठवण करून दिली. तरुण अभियंत्याने मग काम नेटाने पुढे नेले आणि पूर्ण केले. आम्हाला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. काम थांबवावे असे म्हणताना विश्वेश्वरय्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. पांझरा पावसाळ्यात एका रात्रीत रूप पालटते आणि वाळूचे डोंगर इकडचे तिकडे करते, हे त्यांनी आल्या आल्या ओळखले होते. आणि हीच वाळू या लेखात पुढे पुन्हा भेटणार आहे.

नळीतले पाणी वर कसे चढते?

नदीखालून गेलेले पाणी पलीकडे पंपाशिवाय वर येते, याचे मुलांना नवल वाटते. यासाठी दोन मीटर पारदर्शक रबरी नळी आणि एक नरसाळे पुरे. नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी धरावी, एका टोकाला नरसाळे लावून पाणी ओतावे. दुसऱ्या टोकाला पाणी जवळजवळ त्याच उंचीला येते. आता दुसरे टोक नरसाळ्यापेक्षा चार बोटे खाली आणावे. पाणी वाहू लागते. दातर्तीचे तत्त्व एवढेच आहे. अलीकडच्या काठावरचा पाट पलीकडच्या पाटापेक्षा थोडा उंच ठेवायचा. हा उंचीतला फरक पाण्याला नळीच्या घर्षणाविरुद्ध ढकलत राहतो. याला सायफन म्हणण्याची रूढी आहे, पण रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढताना आपण जो सायफन वापरतो त्याच्या हे उलटे आहे. तिथे नळी वर चढून खाली येते आणि आधी तोंडाने ओढावे लागते. इथे नळी आधी खाली जाते, त्यामुळे ओढायची गरज नाही.

मग सगळीकडेच असे का करत नाहीत? कारण नळीचा खोलगट भाग ही गाळाची आवडती जागा आहे. पाणी संथ झाले की माती आणि वाळू तिथे बसते आणि नळी बुजते. म्हणून नळीतला वेग राखावा लागतो. एक उदाहरण करून पाहू. समजा, पाटातून सेकंदाला ४५० लिटर पाणी येते आणि नळीचा आतला व्यास ७५ सेंटिमीटर आहे. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.४४ चौरस मीटर, म्हणून वेग सेकंदाला साधारण एक मीटर. बारीक गाळ वाहून न्यायला हा वेग ठीक आहे. आता व्यास दुप्पट करा. वेग चौथाई होतो आणि गाळ बसू लागतो. नळी मोठी घेतली तर काम चांगले होईल, ही समजूत इथे उलटी पडते. (हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, दातर्तीच्या नळीचे नाहीत.) शिवाय नळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडवायला जाळी हवी आणि ती रोज कोणीतरी झाडायला हवी. हा 'कोणीतरी' फार महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

पूल न बांधता नळी घालण्याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. पांझरा पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते, साक्रीवरून धुळ्याला येते, पुढे उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीला मिळते. डोंगरात पाऊस झाला की पूर झपाट्याने येतो, आणि येताना झाडांचे ओंडके घेऊन येतो. पाट तर काठाला लागून, फारसा उंच नसलेला. त्या पातळीवर पूल बांधला तर पूर नेमका पुलावर आदळणार. पुलाचे खांब पात्र अडवतात, दोन खांबांमधले पाणी वेग घेते आणि खांबाच्या बुडाशी खड्डा पाडते. नळी नदीच्या पोटात असली की पूर वरून निघून जातो.

पाणी आले कुठून?

सायफनची तारीफ करताना एक गोष्ट विसरली जाते. नदीखालून नेलेले हे पाणी आधी नदीतूनच उचलावे लागते. पांझरेच्या खोऱ्यात ही व्यवस्था विश्वेश्वरय्यांच्या कितीतरी आधीची आहे. नदीत आडवी दगडी भिंत घालायची, पाण्याची पातळी हातभर, पुरुषभर वर आणायची, आणि भिंतीच्या टोकापासून काढलेल्या पाटात ते पाणी सोडायचे. हा बंधारा. पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, असे बंधारे ठिकठिकाणी होते. त्यांवर चालणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. खानदेशात फारुकी सुलतानांची सत्ता चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर संपली. मोगलाई आणि पेशवाई त्यानंतरची. या सगळ्यांच्या काळात राजे बदलत गेले तरी बंधाऱ्यातले पाणी पाटाने जात राहिले.

नेहमीच गेले असेही नाही. १८०२ पासूनच्या होळकरी धामधुमीत आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात खानदेश उजाड झाला. गावे ओस पडली. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा अनेक बंधारे फुटलेले होते आणि पाटांत बाभळी उगवल्या होत्या. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे केले आणि नवी पेठ वसवली. पुढे खानदेशातले काही जुने बंधारे दुरुस्त झाले, काही तसेच राहिले. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. ज्या भिंतीने शेकडो पूर अंगावर घेतले, ती गाव उठल्यावर थोड्या वर्षांत निकामी झाली. दगड तेच होते आणि पूरही पूर्वीसारखेच येत होते. फरक पडला तो गावात माणसे न राहिल्याने.

बंधाऱ्याच्या रचनेकडे नीट पाहिले तर त्यात फार शहाणपण दिसते. हा धरणासारखा उंच नसतो. पुराचे पाणी अडवायचे नाही, डोक्यावरून जाऊ द्यायचे, हा हेतू. म्हणून माथा रुंद आणि गुळगुळीत. जागा निवडताना पात्रात खडक उघडा आहे का हे पाहायचे. खानदेश हा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा प्रदेश. त्यातही धुळे-नंदुरबार भागात जुन्या बेसाल्टच्या भेगांत नंतर वर आलेला लाव्हा थिजून तयार झालेल्या उभ्या दगडी भिंती मैलोन् मैल पसरलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. मुलांना घेऊन सहलीला निघाल्यास वाटेतल्या माळावर कोणीतरी रचल्यासारखी दगडांची लांब रांग दिसते, ती बहुधा डाइकच असते. अशी कठीण पट्टी नदीच्या पात्रात आडवी आली तर निसर्गाने अर्धा पाया घालून दिल्यासारखेच झाले.

चुना आणि कंकर

पाया खडकाचा, भिंत दगडाची. पण दगडांना धरून ठेवणारा चुना पाण्याखाली टिकला कसा? हा प्रश्न रसायनाच्या तासाला घेण्याजोगा आहे.

शुद्ध चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फुगतो, तापतो, आणि विरलेला चुना होतो. भिंतीत घातल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा कार्बोनेट बनून घट्ट होतो. म्हणजे चुन्याला आवळायला हवा लागते. नदीच्या पात्रातल्या जाड भिंतीच्या पोटात हवा कुठली? तिथे शुद्ध चुना वर्षानुवर्षे लोण्यासारखा मऊच राहील.

याचे उत्तर काळ्या जमिनीत पडलेले असते. शेत नांगरताना पांढरट, वेडेवाकडे खडे वर येतात. ते कंकर. कंकरात चुन्याबरोबर चिकणमाती मिसळलेली असते. तो भाजला की मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि जे पदार्थ तयार होतात ते हवेने नव्हे, पाण्यानेच घट्ट होतात. बैलाच्या घाणीत वाळूबरोबर तासन् तास मळलेला असा चुना पाण्याखालीही दगड होतो. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालूनही हाच परिणाम साधतो. घाणीवरच्या कारागिराला सिलिकेचे नाव ठाऊक नव्हते, पण कोणत्या रानातला कंकर भट्टीला चांगला हे त्याला पक्के ठाऊक असे.

इंग्लंडमध्ये हेच कोडे जॉन स्मीटन या अभियंत्याला पडले होते. एडिस्टन नावाच्या समुद्रातल्या खडकावर त्याला १७५६ ते १७५९ या काळात दीपगृह बांधायचे होते. कुठला चुना पाण्यात टिकेल हे शोधताना त्याने निरनिराळ्या ठिकाणच्या चुनखडी आम्लात विरघळवून पाहिल्या. ज्यांत विरघळल्यावर तळाशी चिकणमाती उरली, त्यांचाच चुना पाण्यात घट्ट होत होता. पुढे १८२४ साली जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. स्मीटनचा प्रयोग आपल्या शाळेत तसाच्या तसा करता येतो. शेतातला कंकर कुटून दहा ग्रॅम भुकटी घ्यावी आणि तीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकावे. (हे शिक्षकांनी स्वतः करावे, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.) फेस थांबला की गाळावे, गाळणकागदावरचा गाळ वाळवून वजन करावे. निरनिराळ्या शेतांतल्या कंकराचे आकडे फळ्यावर मांडले की गावातल्या जुन्या भट्ट्या कुठे असतील याचा अंदाज मुले स्वतः करू लागतात.

स्मीटनच्या दीपगृहाचा शेवट इथे सांगायला हवा. सव्वाशे वर्षे लाटा खाऊनही बांधकाम मजबूत होते, पण त्याच्या खालचा खडक समुद्राने पोखरला. म्हणून वरचा भाग उतरवून प्लिमथला किनाऱ्यावर पुन्हा उभा केला गेला. हे काम १८८४ साली पुरे झाले, म्हणजे योगायोगाने विश्वेश्वरय्या नोकरीला लागले त्याच साली.

फड

बंधाऱ्याचे पाणी वाटण्याची जी रीत होती ती फड पद्धत. बंधाऱ्यातून निघणारा कालवा दोन ते बारा किलोमीटर लांबीचा आणि सेकंदाला साधारण ४५० लिटर पाणी नेणारा. वरच्या हिशेबात तोच आकडा आम्ही घेतला होता. त्याला चाऱ्या, चाऱ्यांतून शेतांकडे जाणारे दांड, आणि जास्तीचे पाणी परत नदीत सोडणारे सांडवे. भिजणारी जमीन, म्हणजे गावचे पाटस्थळ, बहुधा चार फडांत वाटलेले. फड दहा हेक्टरांचाही असे आणि दोनशेचाही, सरासरीने शंभर ते सव्वाशे हेक्टरांचा. एका फडात एका हंगामात एकच पीक. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक, हे गाव बसून ठरवी आणि दरवर्षी ते फिरत राही.

एका फडात एकच पीक का, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. ४५० लिटर सेकंदाला, म्हणजे दिवसाला ३८,८८० घनमीटर. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरची पाळी द्यायला ५०० घनमीटर लागतात. म्हणजे गळती सोडली तर दिवसाला सुमारे ७८ हेक्टर भिजते, आणि सरासरीचा फड दीड दिवसाच्या आसपास उरकतो. आता कल्पना करा, ऊस सगळ्या शिवारात विखुरलेला आहे. पाच एकर इथे, दोन तिथे, मधे बाजरी. उसाला पाणी हवे म्हणून सगळा कालवा, सगळ्या चाऱ्या ओल्या कराव्या लागतील, आणि निम्मे पाणी वाटेतच जिरेल. शिवाय बाजरीच्या शेतात नको असताना ओल शिरेल. पीक एकत्र केले की पाण्याची वाट आखूड होते. फेरपालटामुळे जमीन चिबड होत नाही, हा आणखी एक फायदा.

पाणी देण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करायचे नाही. ते पाटकऱ्याचे. बारे त्याने धरायचे, कोणाच्या शेतात किती वेळ हे त्याने पाहायचे. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकांची राखण जागल्याची, आणि तंटा झाला तर पंच. पाटकऱ्याला मोबदला पिकातून मिळे, म्हणून सगळ्यांचे पीक नीट येण्यात त्याचेही हित असे. पाटाच्या तोंडाशी अडकलेला पाला झाडणारा तो 'कोणीतरी' म्हणजे हाच माणूस. पावसाळा संपला की कालव्यातला गाळ काढायचा, बंधाऱ्याचे निसटलेले दगड बसवायचे, आणि हे काम ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात वाटून घ्यायचे.

फड पद्धतीचे गोडवे गाताना तिला रामराज्य ठरवण्याची काही गरज नाही. पाण्यावरचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नव्हती त्याला पाणीही नव्हते. पाटकरी आणि जागल्या रात्रभर पाण्यात उभे राहत, त्यांच्या स्वतःच्या मालकीचे बागायत क्वचितच असे. पण ज्यांचा हक्क होता त्यांच्यापुरता न्याय पाळला जाई, हे खरे. पाटाच्या तोंडाशी असलेला आणि शेपटाला असलेला शेतकरी यांना एकाच फडात, एकाच पाळीत पाणी मिळे. आजच्या कालव्यांवर शेपटाच्या शेतकऱ्याला विचारा, म्हणजे याची किंमत कळेल.

विश्वेश्वरय्या खानदेशातून निघाले, पण ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली असावी. १८९९ साली दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. विखुरलेल्या शेतांना पाणी न देता ठरावीक जागी जमिनीचे गट करायचे, गटाच्या एका भागात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि ती फिरवत न्यायची. फड पद्धतीचे अभ्यासक हे साम्य नेहमी दाखवून देतात, आणि ते डोळ्यांत भरण्यासारखे आहेच. मुंबई इलाख्यातल्या सरकारी पाटबंधाऱ्यांच्या वाटणीत खानदेशी शेतकऱ्याच्या अकलेचा एवढा वाटा असेल, तर तो पुस्तकात यायला हवा होता.

बंधारा कोणाचा?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांझरेच्या खोऱ्याचे चित्र बदलले. विहिरींवर विजेचे पंप आले. ज्याची विहीर त्याचे पाणी, मग पंचांची पाळी कशाला पाहायची? उसाला कारखाना मिळाल्यावर कोणत्या फडात ऊस हे गावाने ठरवण्याची रीत सैल पडली. वरच्या अंगाला लाटीपाडा, जामखेली, मालनगाव अशी धरणे झाली, पुढे अक्कलपाड्याचा निम्न पांझरा प्रकल्प झाला. धरणांनी पाणी साठवले, त्याचा फायदाही झाला. पण नदीचा बारमाही झरा, ज्यावर बंधारे अवलंबून होते, तो आता धरणाच्या दारातून कधी सुटेल त्यावर राहिला. पाण्याची चावी गावाबाहेर गेली. ज्या बंधाऱ्यातून पाणी येईल की नाही हेच ठाऊक नाही, त्याचे दगड बसवायला कोण जाणार?

त्यात वाळूची भर पडली. विश्वेश्वरय्यांच्या खड्ड्यांत जी वाळू नको नको म्हणताना शिरत होती, ती आता ट्रकने शहराकडे जाते. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची वाळू उपसली की पात्र खाली जाते. माथ्यावरून पडणारे पाणी पूर्वीपेक्षा जास्त उंचीवरून पडते आणि भिंतीच्या टाचेशी खड्डा करते. खडक सलग नसेल तर पाया उघडा पडतो. वरून भिंत पाहिली तर अगदी शाबूत दिसते.

वरून शाबूत दिसणे किती फसवे असते, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवर दिसले. १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. कमान ही फार सोशिक रचना आहे. तिच्यातले दगड एकमेकांना दाबून धरतात, भार वाढला तर आणखी घट्ट बसतात. पण हे सगळे दोन्ही बाजूंचे पाय जागचे हलत नाहीत तोवरच. एक पाय खचला की कमान इशारा द्यायलाही थांबत नाही. दगडी पुलाची परीक्षा कठड्यावरून करता येत नाही, ती पाण्याखाली करावी लागते. एडिस्टनच्या खडकाची गोष्ट आम्ही मघाशी सांगितली ती याचसाठी.

मग जतन म्हणजे काय करायचे? पहिली प्रतिक्रिया असते सिमेंट ओतण्याची. फुटलेल्या दर्जांत सिमेंट भरले, वरून गिलावा दिला, की काम झाल्यासारखे वाटते. पण चुन्याची भिंत थोडी हलते, थोडी श्वास घेते. आत शिरलेले पाणी दर्जांतून बाहेर पडते. सिमेंट ताठ असते आणि पाणी अडवते. ओल आतच कोंडते, क्षार साठतात, आणि काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा जुन्या दगडाचा कपचा घेऊन गळून पडतो. जुन्या चुन्याशी जुळणारा चुनाच वापरणे हे काम हळू आणि कटकटीचे आहे, आणि घाणीवर काम जाणणारी माणसे थोडी उरली आहेत. तरी पर्याय तोच बरा. त्याहून आधी करायचे काम म्हणजे टाचेशी पडलेला खड्डा मोठ्या दगडांनी भरणे आणि बंधाऱ्याच्या वर-खाली काही अंतरात वाळू उपसू न देणे. यातले पहिले काम कंत्राटदार करील. दुसरे गावाशिवाय होणार नाही.

चीनमध्ये सेचुआन प्रांतात दुजियांगयान नावाची पाटबंधाऱ्याची योजना इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून चालू आहे. तिचे सारे रहस्य वर्षाकाठी पाणी वळवून केलेल्या गाळउपशात आहे. २००० साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात कालव्यांचे शेतकरी पंच दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. २००९ साली युनेस्कोने या पंचायतीची अमूर्त वारशात नोंद केली. तिथे दगडांची नव्हे, बैठकीची नोंद झाली हे ध्यानात घ्यावे. सार्वजनिक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेही २००९ सालीच. आपल्याकडे २००५ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. पाणी मोजून गावाच्या संस्थेला द्यायचे, आत कसे वाटायचे ते संस्थेने पाहायचे, हे त्याचे सूत्र. फडाच्या गावांना त्यात नवीन काही वाटू नये. अशा संस्थेकडे बंधाऱ्याचे पाणी आणि दुरुस्ती दोन्ही एकत्र सोपवली तर बंधारा जगेल असे आम्हाला वाटते. नुसती दुरुस्ती सोपवली तर जगणार नाही.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो. त्या निमित्ताने दातर्तीचा सायफन मुलांना दाखवावा, पण तिथेच थांबू नये. पांझरेच्या काठी असलेल्या शाळांनी आपल्या शिवारातला बंधारा शोधावा. मे महिन्यात पात्र कोरडे असताना जावे, कारण टाच तेव्हाच दिसते. भिंतीची लांबी आणि माथ्याची रुंदी मोजावी, निसटलेले दगड मोजावेत. माथ्यावरच्या एका ठरलेल्या दगडावर खूण करावी, तिथून दोरीला वजन बांधून खालच्या अंगाला सोडावे आणि पात्राचा तळ किती खाली आहे त्याचा आकडा वहीत लिहावा. गावातल्या म्हाताऱ्या आजोबांना विचारून पाटकऱ्याचे घर कोणते होते, फडांची नावे काय होती, हेही लिहून घ्यावे. पुढच्या मे महिन्यात नव्या वर्गाने त्याच खुणेवरून तीच दोरी सोडावी. दोन आकड्यांत वीतभर फरक पडला तर ती वही घेऊन ग्रामसभेला जावे.